काळी कड

“आत तंबाखू चालती का?” तात्यांनी विचारलं.

“कशाच्या आत?”

“ह्याच्या.” त्यांनी हेडसेट दोन्ही हातांत धरून उलटसुलट केला. “तोंड उघडंच ऱ्हातंय म्हणून इचारलं.”

मुक्ता शेवाळेनं कॉम्प्युटरवरची नजर न काढता सांगितलं, “चालते, काका. फक्त थुंकायला जागा नाही. आत सगळं पाणीच आहे.”

तात्यांनी थोडा विचार केला आणि डबी परत खिशात टाकली. दुसऱ्याच्या पाण्यात थुंकणाऱ्यांतले ते नव्हते.

हे नऱ्ह्यातलं आमचं ऑफिस. खाली फरशांचं दुकान, वर आम्ही तिघं. मालक चैतन्य बोकील. त्याच्याकडे कल्पना असायच्या. त्या कल्पना प्रत्यक्षात आणायचं काम मुक्ताकडे, म्हणून ती कुणाशी फारसं बोलायची नाही. आणि मी, सुशांत ढाणे, टेस्टर. दिवसभर गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका काढायच्या. नोकरी लागली तेव्हा हे घरी समजावून सांगितलं, तर आई म्हणाली, “एवढ्यासाठी पुण्याला कशाला जायचं? तुझे वडील घरी बसून तेच करतात.”

गेमचं नाव ‘बुडीत’. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं एक गाव आणि तुम्ही तिथले वायरमन. तळाशी चालत जायचं, खांब, तारा, खटके यांची कोडी सोडवायची आणि एकेका घरातला दिवा लावायचा. शेवटी देवळाचा. पाण्याखाली वीज सुरू केल्यावर वायरमनचं काय होतं, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी चुकांच्या यादीत घातला होता. चैतन्यनं त्यापुढे ‘काव्य’ एवढंच लिहून तो बंद केला.

पण गेम चांगला होता, हे आज इतक्या वर्षांनीही मी शपथेवर सांगेन. हेडसेट चढवून मान वर केली की डोक्यावर सगळं धरण, त्यातून खाली झिरपणारा हिरवा उजेड आणि वरून सावकाश जाणाऱ्या एका होडीचं पोट. मी ते रोज बघायचो आणि रोज गप्प व्हायचो. कोडी मुक्तानं अशी रचली होती की उत्तर सापडलं की आनंद न होता स्वतःचा राग यावा. पुढे गेम बाजारात आला तेव्हा लोकांनीही हेच लिहिलं: कोडी उत्तम, पाणी अप्रतिम, मासा असह्य.

मासा म्हणजे मास्तर. चष्मा लावलेली एक मरळ, तुमच्या मागेमागे पोहत येते आणि तुम्ही अडलात की विचारते, “सांगू का?” अडला नसलात तरी विचारते. आवाज चैतन्यचा. त्याच्या मते मास्तर हा गेमचा आत्मा होता, आणि आत्मा कसा काढणार?

त्या आठवड्यात मात्र माशाहून मोठी चूक झाली होती. व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेटमधल्या आभासी जगात, चालताना काही लोकांना गरगरतं. त्यावर उपाय म्हणून चालत असताना चित्राच्या कडा काळ्या करतात. मधलं तेवढं दिसतं, डोकं शांत राहतं. तुम्ही थांबलात की काळं निघून जायला हवं. आमच्या गेममध्ये ते जाईना. चाला नाहीतर उभे राहा, चहूबाजूंनी काळी कड कायम आणि मधे बशीएवढं गाव. बाहेरून खेळायला बोलावलेला प्रत्येक जण थोड्याच वेळात हेडसेट काढून म्हणायचा, पाइपातून बघितल्यासारखं होतंय. मुक्ता चूक शोधून शोधून दमली होती. शुक्रवारी बंगळुरूची पैसे घालणारी पार्टी गेम बघायला येणार होती.

अशात बुधवारी सकाळी तात्या आले.

तात्या म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, कोरेगाव डेपोला. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेला; तो ते लग्नाकार्यातही शर्टाला लावायचे. निवृत्त झाल्यावर त्यांचे हाल झाले. संध्याकाळी फाट्यावर जाऊन उभे राहायचे आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचे. जुने ड्रायव्हर हॉर्न वाजवून पुढे जायचे. नव्यांना वाटायचं, म्हातारा गाडीसाठी थांबलाय. ते ब्रेक मारायचे. आपल्यासाठी थांबलेल्या गाडीला नको म्हणणं तात्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग ते चढायचे, तिकीट काढायचे, पुढच्या गावी उतरायचे आणि चालत परत यायचे.

त्या वर्षी गावाजवळ नवी शाळा निघाली आणि तात्यांनी व्हॅन घेतली. वस्त्यांवरची पोरं सकाळी न्यायची, दुपारी आणायची. येत्या सोमवारपासून सुरुवात. मुलांच्या सीटा बसवून घ्यायला ते पुण्याला आले होते, स्वतः गाडी चालवत, खंबाटकीच्या बोगद्यातून. सीटवाला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. त्यानं संध्याकाळ होईल म्हणून सांगितलं, तेव्हा वेळ काढायला वर आले. गाडीची एक किल्ली खिशात ठेवून दुसरी सीटवाल्याला दिली होती आणि दर थोड्या वेळानं खिशावर हात ठेवून आपली आहे ना ते बघत होते.

“म्होरच्या सीटवर शिंद्यांची नात बसणार,” ते मला म्हणाले. “तिनं आत्ताच सांगून ठिवलंय. म्हनली, आजोबा, हॉर्न मी वाजवणार.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हनलं, बाई, हॉर्न वाजवायला बिल्ला लागतो. तर म्हनली, तुमचा द्या.”

इतके खुशीत मी त्यांना निवृत्तीच्या आधीही बघितलं नव्हतं.

आमच्याकडे एक नियम होता. बाहेरचा माणूस खेळत असला की कुणी बोलायचं नाही, काही सुचवायचं नाही. त्यानं मात्र जे दिसेल ते मोठ्यांदा बोलत राहायचं. त्याला आत जे दिसतं ते आम्हाला भिंतीवरच्या टीव्हीवर दिसायचं. चैतन्यनं तात्यांना हेडसेट चढवला, हातात कंट्रोलर दिले, पट्टा आवळला. टीव्हीवर काळ्या चौकटीत गोल गाव उमटलं.

“म्होरं रस्ता,” तात्या म्हणाले. “रस्त्यात कुत्रं न्हाई. म्होरं पिंपळ. पिंपळाला पार. पारावर कोण न्हाई.” मग थोडं थांबून, “गाव बुडालं व्हय ह्ये? आरारा.”

ते चालू लागले. प्रत्येक चौकात वेग कमी करत होते. सगळी मान गरकन डावीकडे, सगळी उजवीकडे, मग पुढे. मागून मास्तर आला. “सांगू का?”

“मागनं कोणतरी साइड मागतंय,” तात्या म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला सरकून उभे राहिले. कंट्रोलरसकट हात बाहेर काढून त्यांनी माशाला पुढे जायची खूण केली. मास्तर अर्थातच पुढे गेला नाही. खेळणाऱ्याच्या पुढे जायची सोयच त्याच्यात नव्हती. दोघंही बराच वेळ एकमेकांसाठी थांबून राहिले.

“जात न्हाई,” तात्या शेवटी म्हणाले. “नवीन ड्रायव्हर दिसतोय.”

चैतन्य तोंडावर हात दाबून हसत होता. मुक्ताही हसली, आणि तिचे दात मी पहिल्यांदा बघितले. पाटलाच्या घराचा खटका काही तात्यांना सापडला नाही, पण तो कुणालाच सापडत नव्हता. खटका डावीकडे होता आणि डावीकडे काळी कड होती.

हेडसेट काढल्यावर चैतन्यनं विचारलं, “काका, त्रास झाला? गरगरलं?”

“न्हाई.”

“कडेला काळं दिसत होतं, त्याचं काय वाटलं?”

“कसलं काळं?”

“चहूबाजूंनी. काळं.”

“न्हाई बुवा. लख्ख दिसत हुतं. एकच हाय, गावात यष्टी स्टँड न्हाई. बाकी देऊळ हाय, शाळा हाय, आन् माणसानं जायचं कुठनं?”

चैतन्य उठून उभा राहिला. तो आनंदानं उभा राहिला की आम्हाला काळजी वाटायची. “मुक्ता, ऐकलंस? कड ही चूक नाही. आपण चुकीच्या माणसांना खेळायला बोलावत होतो. आपला खरा ग्राहक साठीच्या पुढचा आहे.”

“टीव्हीवर मला कड दिसतीय, चैतन्य.”

“तुला दिसतीय, कारण तू ती शोधतीयस. काकांनी गेम अनुभवला.”

मुक्तानं कानात इयरफोन घातले. ती रागावली की चुका सापडायच्या, असा अनुभव होता. जेवणं आटोपेपर्यंत तिला ती सापडली. चालणारा थांबला की कड जावी, असं लिहायचं होतं. लिहिताना चालणाऱ्याच्या जागी मासा पडला होता. मासा थांबला की कड जाणार होती. आणि मासा एका जागी असला तरी शेपटी हलवतच असायचा.

“झालं,” ती म्हणाली. “काका, परत एकदा जाता का गावात? फक्त फरक सांगायचा.”

तात्यांना काय, गाव आवडलं होतं. त्यांनी हेडसेट चढवला. टीव्हीवर या खेपेला या टोकापासून त्या टोकापर्यंत गाव पसरलं. काळ्याचा मागमूस नव्हता. दोन्ही अंगांची घरं, कुंपणं, कलंडलेली बैलगाडी, एका खिडकीत अडकलेला पतंग. हे सगळं आम्हीच केलं होतं आणि आम्हीच विसरलो होतो.

“काय फरक वाटतो?”

“काय न्हाई. त्योच रस्ता. त्योच पिंपळ.”

“आणखी?”

“मासा तेवढा हिकडं आला न्हाई अजून.”

मासा त्यांच्या डाव्या खांद्याजवळ होता. टीव्हीवर त्याचा चष्मासुद्धा दिसत होता.

तात्या पाटलाच्या दारात जाऊन उभे राहिले. दाराच्या डावीकडे लाल खटका, वर उघडझाप करणारा दिवा. मुक्तानं तो मुद्दाम एवढा मोठा केला होता की आंधळ्यालाही दिसावा. हे तिचेच शब्द.

“पाटलानं खटका बसवलाच न्हाई,” तात्या म्हणाले.

मी हसलो. मग मुक्ताकडे बघितलं, तर ती हसत नव्हती. तात्यांनी सवयीनं सगळी मान डावीकडे वळवली, खटका बरोबर त्यांच्या नाकासमोर आला आणि ते म्हणाले, “ह्यो काय. आत्ता बसवला का कुणी?”

“सुशांत,” मुक्ता हळू म्हणाली, “परत कर.”

हा आमच्या कामाचा रिवाज. गोष्ट एकदा घडली तर ती चूक धरायची नाही. पुन्हा पुन्हा घडवून बघायची. मी तात्यांना परत दारासमोर सरळ उभं केलं. खटका नव्हता. मान वळवली, खटका होता. सरळ, नव्हता.

मुक्ताला मासा हातानं हलवता यायचा. तिनं तो डावीकडे अगदी कडेला नेऊन ठेवला आणि त्याला दिव्यासारखा पेटवला. “काका, समोर पिंपळाकडे बघा. मान हलवायची नाही. मासा दिसला की सांगा.”

मान हलवू नका म्हटल्यावर ती आणखीच हलायला लागली. म्हणून मी मागे उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं. आमच्याकडे बापाच्या डोक्याला कुणी हात लावत नाही. ते मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आणि गरम होतं.

मुक्तानं मासा सोडला. टीव्हीवर तो पेटलेला मासा डावीकडून निघाला. बैलगाडी ओलांडली. कुंपण ओलांडलं. दार ओलांडलं. पाराच्या कठड्यापर्यंत आला. मी तळहाताखाली तात्यांच्या कानशिलाचे ठोके मोजत होतो आणि मनात म्हणत होतो, म्हणा आता. मासा पिंपळाच्या बुंध्याला टेकला.

“आला,” तात्या म्हणाले. “एकदम कुठनं आला?”

उजवीकडून सोडला. तसंच. वरून सोडला. तसंच.

“हेडसेट बिघडलाय,” मी म्हणालो.

“काढ आणि घाल,” मुक्ता म्हणाली.

मी तो घातला. चूक शोधणं हा माझा धंदा होता, पण इतक्या मनापासून मी ती कधी शोधली नव्हती. एखादं भिंग सरकलेलं असावं, तार सैल असावी, काहीही असावं. आत बैलगाडी होती, पतंग होता, दोन्ही बाजूंची घरं होती आणि खांद्याशी येऊन मास्तर विचारत होता, सांगू का. बिघाड कुठंच नव्हता.

मी हेडसेट काढला. तात्या खुर्चीवर बसून मनगट चोळत होते. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं.

“तात्या, माझ्या नाकाकडे बघा.”

“नाकाला काय झालंय?”

“काही नाही. बघा फक्त.” मी उजवा हात बाजूला लांब करून बोटं हलवली. “हात दिसतो?”

“नाकाकडं बघू का हाताकडं? एक काय ते सांग.”

“नाकाकडे बघताना हात.”

“दोनी कसं बघणार माणूस?”

खालच्या दुकानात कुणीतरी फरशी कापत होतं. ते मशीन थांबलं तेव्हा तात्यांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे, एकेकाकडे पूर्ण मान वळवून, पाहिलं.

“तुला दिसतंय?” त्यांनी मला विचारलं. “नाकाकडं बघून हात?”

“हो.”

“हिला?”

मुक्तानं मान डोलावली.

“ह्यांना बी?”

चैतन्य म्हणाला, “काका, थोडंफार. म्हणजे, हो.”

“सगळ्यांना?” तात्या म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच माहिती हवी होती. “मला वाटायचं, मान फिरवल्याबिगर कुणालाच दिसत न्हाई.”

“कधीपासून?”

“कधीपास्नं म्हंजे? हितनं बघितलं की हितलं दिसतं, तितनं बघितलं की तितलं. त्यात कधीपास्नं काय?” मग त्यांना काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला. “आरं, पण दाखला हाय की माझ्याकडं. मागल्याच महिन्यात डोळं तपासलं. तक्त्यावरची शेवटची वळ वाचली मी. डॉक्टर म्हनला, ह्या वयात असलं डोळं बघितलं न्हाईत.”

दाखला खरा होता, आणि डॉक्टरचं म्हणणंही. तक्ता समोर टांगतात.

सिंहगड रोडवरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात चैतन्य आम्हाला त्याच्या स्कूटरवरून घेऊन गेला, तिघं, एका स्कूटरवर. तिथं तात्यांना एका पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसवलं. आत बारीक दिवे लागणार, दिसला की बटण दाबायचं.

“ह्यो बी गेमच हाय का?” तात्यांनी तिथल्या बाईंना विचारलं.

“तसंच समजा, आजोबा.”

“ह्यात मासा न्हाई ते बरं हाय.”

मी बाजूला उभा होतो. दिवे कधी लागत होते ते मला दिसत नव्हतं. फक्त बटणाचा आवाज यायचा. तो फार कमी वेळा आला. थोड्या वेळानं यंत्रातून कागद निघाला: दोन वर्तुळं, एकेका डोळ्याचं एकेक. मधे थोडी पांढरी जागा आणि भोवती सगळं काळं. मुक्तानं दुपारी काढून टाकलेली कड तिथं छापून आली होती.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. म्हणाल्या, काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. कडेकडेनं खात येतो, समोरचं शाबूत ठेवतो, आणि इतका हळू येतो की ज्याचं जातं त्यालाच पत्ता लागत नाही. “कुणाच्या लक्षात आलं हे?” त्यांनी विचारलं.

“माशाच्या,” तात्या म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “लांबलचक गोष्ट आहे.”

“गेलेलं किती दिसात येतं?” तात्यांनी विचारलं.

“येत नाही. आहे ते टिकवायचं. थेंब देते, रोज घालायचे, एकही दिवस चुकवायचा नाही.”

“त्ये घालीन. आन् गाडी?”

“गाडी नाही, आजोबा.”

“शाळेची हाय. बारकी पोरं हायत.” मग जरा पुढे वाकून, खालच्या आवाजात, “नऊच हायत.”

बाईंनी थेंबांची चिठ्ठी लिहायला घेतली. टेबलावर प्लॅस्टिकचा एक मोठा डोळा होता, उघडून दाखवता येणारा. मी त्याकडे बघत बसलो. त्याची बाहुली हरवली होती आणि तिच्या जागी कुणीतरी पेनाचं टोपण बसवलं होतं.

बाहेर बाकड्यावर बसून तात्यांनी थेंबांची बाटली खिशात ठेवली. ती ठेवताना हाताला किल्ली लागली असणार, कारण हात तिथंच राहिला.

“एवढी वर्सं मग,” ते म्हणाले, “बाजूनं गेली ती माणसं. ती त्यांची तीच सरकली म्हणायची.”

“तात्या, नोकरीत असताना नव्हतं कदाचित. हे नंतरचं असेल.”

“असंल,” ते म्हणाले. “यष्टीला लोक बाजू देत्यात.” छातीवरच्या बिल्ल्याकडे त्यांनी हनुवटी पार खाली करून बघितलं.

परत आलो तेव्हा व्हॅन तयार होती. दोन्ही बाजूंना लहान लहान सीटा, वरचं प्लॅस्टिक तसंच. सीटवाल्यानं हौसेनं मागच्या काचेवर फुलपाखरं चिकटवली होती. तात्या व्हॅनभोवती एक चक्कर मारून आले, प्रत्येक सीट दाबून बघितली आणि ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

“बस,” मला म्हणाले. “आंधारायच्या आत पोचू.”

“तात्या.”

“रस्ता पाठ हाय मला. मान फिरवून चालवतो. सकाळी आलोच की.”

“किल्ली द्या.”

“तुला गाडी येती का?”

नव्हती येत. घरात एक ड्रायव्हर पुरे, असं म्हणून त्यांनीच मला शिकवली नव्हती. मी हात पुढे करून तसाच उभा राहिलो. एसटीच्या ड्रायव्हरांचा एक कायदा असतो, कुठं लिहिलेला नाही: गाडीची किल्ली गाडी न येणाऱ्याच्या हातात द्यायची नाही, पोटचा पोरगा असला तरी. तात्यांनी माझा हात बघितला, माझ्या मागे चैतन्यला बघितलं.

“तुम्हाला येती का?”

“येते, काका,” चैतन्य म्हणाला. “सोडतो मी तुम्हाला घरी. रात्रीच्या गाडीनं परत येईन.”

“लायसन दाखवा.”

चैतन्यनं लायसन्स काढून दाखवलं. तात्यांनी ते डोळ्यांसमोर धरून पूर्ण वाचलं, फोटो आणि माणूस ताडून बघितला आणि मगच किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मुक्ता जिन्यात उभी होती. तिनं हात केला. ती डावीकडे होती. मी तात्यांचं कोपर धरून त्यांना तिकडे वळवलं, तेव्हा त्यांनीही केला.

तात्या पुढे, चैतन्यच्या शेजारी बसले. मी मागे, मुलांच्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून. चैतन्य गाडी भित्री चालवायचा. कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत तात्या गप्प होते. मग त्यांना राहवेना.

“तिसरा टाका.”

“टाकला, काका.”

“टाकला न्हाई, नुसता हात लावला.”

मी दोघांच्या मधून पुढे वाकलो होतो, म्हणून मला तात्यांचे पाय दिसत होते. चैतन्यला पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसायच्या आधी तात्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. तिथं ब्रेक नव्हता. पाय सुटला की त्यानंतर चैतन्यचा ब्रेक लागायचा. टोलनाका, खड्डा, रस्ता ओलांडणारी म्हैस. प्रत्येक वेळी आधी तात्या, मग चैतन्य. शिरवळपर्यंत एकदाही चुकले नाहीत. मला वाटायला लागलं, डॉक्टरबाई नवीन होत्या.

तात्यांनाही तसंच वाटत असावं. खंबाटकीचा घाट चढताना ते बोलायला लागले. “समोरचं मला ह्यांच्या आधी दिसतंय, सुशा.”

“हो, तात्या.”

“मग आसं करू. हायवेला न्यायची न्हाई. गावातल्या गावात, सकाळच्या पारी. रस्त्याला चिटपाखरू नसतं. शिंद्यांच्या पोरीला बाजूला बसवीन, ती सांगंल डावीकडचं. तिला तेवढंच काम.”

“ती सहा वर्षांची आहे.”

“हुशार हाय.”

“तात्या, सोमवारी नाही न्यायची गाडी.”

“एक आठवडा बघू. न्हाई जमलं तर मीच म्हनीन.”

चैतन्य आरशातून माझ्याकडे बघत होता. घाट उतरलो, वेळे गाव मागे पडलं, सूर्य उजव्या हाताला खाली आला होता आणि रस्ता सरळ, मोकळा होता. डाव्या हाताला एक ढाबा होता. तात्या समोर बघत मला समजावून सांगत होते, “माणसानं ध्यान देऊन चालवलं ना, तर काय बी—”

ढाब्याच्या आवारातून एक मोटरसायकल थेट रस्त्यावर आली. मागे बाई, बाईच्या मांडीवर मूल. तात्यांच्या खिडकीला घासूनच म्हणा. चैतन्यनं सगळा जीव लावून ब्रेक मारला, व्हॅन तिरकी झाली, मी पुढच्या दोन सीटांच्या मधे जाऊन पडलो. मोटरसायकल आमच्या बंपरला चिकटून वाकडीतिकडी उजवीकडे निघून गेली. त्या बाईनं मागे वळून आम्हाला शिव्या दिल्या, त्या ऐकू आल्या नाहीत, नुसतं तोंड हललेलं दिसलं.

गाडी बंद पडली होती.

“का थांबवली?” तात्यांनी विचारलं.

चैतन्यनं माझ्याकडे बघितलं. मी खाली पडल्या जागी होतो. तात्यांचा पाय माझ्या तोंडासमोर होता. तो मॅटवर सैल टेकलेला होता, बोटंसुद्धा दाबली गेली नव्हती.

“मोटरसायकल होती, काका,” चैतन्य म्हणाला. “तुमच्या बाजूनं आली.”

तात्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली. तिकडे ढाबा होता, उडालेली धूळ होती. मग त्यांनी मान खाली घातली आणि आपल्या पायाकडे बघितलं.

चैतन्यनं गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर तात्यांनी चपला काढून बाजूला सारल्या, आधी उजवा आणि मग डावा पाय वर घेतला, आणि सीटवर मांडी घालून बसले.